पुरावा अपुरा, म्हणजे नेमके काय? जबरी चोरीच्या शिक्षेविरुद्धचे अपील

वाचकांचे प्रश्न : कायदा

‘पुरावाच नव्हता, तरी शिक्षा झाली’ अशी सुरुवात असलेली पत्रे या सदराकडे येत असतात. त्यांतली जबरी चोरी आणि दरोड्याची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते, त्यानंतरच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता. म्हणून उत्तरांत जुने कलम आधी दिले आहे आणि गरज आहे तिथे नवे कंसात.

प्रश्न : हायवेवर रात्री ट्रकचालकाला चाकू दाखवून लुटल्याच्या खटल्यात माझ्या धाकट्या भावाला सत्र न्यायालयाने कलम ३९२ (जबरी चोरी) आणि ३९७ (त्यात प्राणघातक शस्त्राचा वापर) खाली सात वर्षे सक्तमजुरी दिली. चालकाने त्याला आधी कधी पाहिले नव्हते. अटकेनंतर दीड महिन्याने तुरुंगात ओळख परेड झाली, त्यात त्याने ओळखले आणि पुढे कोर्टातही ओळखले. दुसरा साक्षीदार नाही, भावाकडून काही जप्त झालेले नाही. एवढ्यावर शिक्षा होऊ शकते का? (सोलापूर जिल्हा)

होऊ शकते. एका साक्षीदारावर शिक्षा देता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. पुरावा कायद्याचे कलम १३४ (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३९) साक्षीदार किती हवेत हे ठरवून देत नाही. मात्र सगळी शिक्षा एका माणसाच्या नजरेवर उभी असेल तर ती नजर कितपत भरवशाची, हे अपिलात खोलात जाऊन तपासावे लागते. अपील न्यायालयाला साक्षीपुरावा स्वतः पुन्हा वाचून निष्कर्ष काढायचा असतो. खालच्या कोर्टाच्या निकालावर नुसती मान डोलावून चालत नाही.

कोर्टात दिलेली ओळख हा मूळ पुरावा आणि परेड हा त्याला केवळ दुजोरा. परेड मोडली म्हणून कोर्टातली ओळख आपोआप पडत नाही. मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००३) या निकालात तर परेड न घेताही कोर्टातली ओळख काही परिस्थितीत पुरेशी धरली आहे. पण अनोळखी माणसाला एकदाच, रात्री, घाबरलेल्या अवस्थेत पाहून अनेक महिन्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात ओळखणे ही कच्ची गोष्ट. तिला आधार देणारी परेडच संशयास्पद ठरली तर उरते ते फार थोडे.

कागद पुढच्या क्रमाने काढा. आधी फिर्याद. त्यात लुटणाऱ्याचे वर्णन आहे का : वय, उंची, बांधा, रंग, दाढी, बोलण्याची ढब? फिर्यादीत फक्त ‘तीन अनोळखी इसम’ आणि चार दिवसांनी घेतलेल्या पुरवणी जबाबात अचानक उजव्या गालावरचा व्रण, हा प्रकार वारंवार दिसतो. मग घटनास्थळाचा पंचनामा. साक्षीदार म्हणतो हेडलाइटच्या उजेडात पाहिले. पंचनाम्यात ट्रक कोणत्या दिशेला उभा होता, दिव्याचा खांब किती अंतरावर, ढाब्याचा उजेड पोचत होता का? लुटणारे केबिनच्या बाजूने चढले असतील तर समोर पडणारा हेडलाइटचा झोत त्यांच्या तोंडावर कसा पडला, हा साधा प्रश्न पुष्कळदा विचारायचाच राहून जातो. तोंडाला रुमाल होता का, प्रसंग किती मिनिटे चालला, तेही नोंदवा.

त्यानंतर अटक ते परेड या मधल्या काळाचे कागद. प्रत्येक रिमांड यादीवर (कोठडी मागताना पोलीस कोर्टात देतात तो कागद) आरोपीला बुरखा घालून हजर केल्याची नोंद आहे का? या काळात फिर्यादी पोलीस ठाण्यात आला होता का? आरोपीचा फोटो वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर फिरला होता का? साक्षीदाराला आधीच आरोपी किंवा त्याचा फोटो दाखवला गेल्याचे रेकॉर्डवर दिसले तर परेडचे मोल जवळजवळ संपते. उशिराबद्दल सोनी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९८२) या निकालाचा आधार घेतात. तिथे ४२ दिवसांच्या विलंबामुळे परेडवर विश्वास ठेवला गेला नाही. तुमचा दीड महिना त्याच्या जवळपास आहे. पण ४२ हा काही जादूचा आकडा नव्हे. तपासी अंमलदाराने उशिराचे पटणारे कारण साक्षीत दिले असेल तर त्याहून उशिराची परेडही टिकते. तेव्हा उशिराचे कारण रेकॉर्डवर आहे का, ते शोधा.

शेवटी परेडचा पंचनामा. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये परेड कशी घ्यावी याच्या सूचना आहेत : एका आरोपीसाठी किमान सहा डमी (रांगेत त्याच्यासोबत उभे केलेले इतर लोक), दोघांसाठी दहा-बारा, आणि सर्वसाधारणपणे एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त आरोपी उभे करू नयेत. डमी वयाने, बांध्याने, पेहरावाने आरोपीसारखे असावेत. आरोपीला रांगेतली जागा आणि कपडे बदलायची संधी दिली का, पोलीस खोलीबाहेर होते का, साक्षीदाराला कुठे बसवले होते, हे सगळे परेड घेणाऱ्या नायब तहसीलदाराने किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याने लिहायचे असते. डमींची वये नुसती ‘२० ते ४५’ अशी टाकली असतील आणि तुमचा भाऊ २१ वर्षांचा असेल, तर तो मुद्दा ठसठशीत मांडा. साक्षीदाराने परेडमध्ये ‘हाच’ एवढेच म्हटले, की ‘चाकू दाखवणारा हा’ असे काम सांगितले, हेही बघा. ३९७ साठी त्याचे महत्त्व आहे.

कारण कलम ३९७ (न्याय संहिता ३११) एकट्याचे आहे. प्राणघातक शस्त्र ज्याने वापरले, त्यालाच किमान सात वर्षांची शिक्षा लागते. साथीदाराने वापरले म्हणून दुसऱ्याला लावता येत नाही. फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९७५) पासून राम रतन विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) पर्यंत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे. चाकू मारायलाच हवा असे मात्र नाही, धाक बसेल असा दाखवला तरी तो ‘वापर’. चाकू जप्त झाला नाही एवढ्याने कलम पडत नाही. ‘तिघांपैकी एकाने चाकू दाखवला’ एवढीच साक्ष असेल आणि तो एक तुमचा भाऊ होता हे कुठेच नसेल, तर ओळख मान्य झाली तरी ३९७ टिकू नये. त्याखेरीज उरणाऱ्या ३९२ ला किमान शिक्षा नाही. कमाल दहा वर्षे, आणि हायवेवर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घडले असल्यास चौदा. म्हणजे ३९७ काढल्याने शिक्षा कमी करायला वाव मिळतो. निर्दोष सुटकेची मागणी आधी आणि ही पर्यायी, अशा क्रमाने दोन्ही अपिलात लिहावीत.

एक अडचण आत्ताच समजून घ्या. साक्षीदार कोर्टात काही नवे बोलला आणि पोलिसांकडच्या जबाबात ते नाही, याचा फायदा घ्यायचा तर ती विसंगती खटल्यातच रीतसर सिद्ध झालेली लागते. उलटतपासात साक्षीदाराला जबाबातला तो भाग दाखवायचा. वगळलेली बाब असेल तर ‘पोलिसांनी तसे का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही’ हे ठरावीक उत्तर घ्यायचे. आणि मग जबाब घेणाऱ्या तपासी अंमलदाराला विचारायचे की साक्षीदाराने तसे सांगितले होते का. ही शेवटची पायरी राहते. साक्षीदाराचा उलटतपास झकास झालेला असतो, पण अंमलदार साक्षीला येतो त्या दिवशी कुणी प्रश्न टाकत नाही. मग पोलिसांपुढचा जबाब हातात असूनही अपिलात त्यावर बोट ठेवता येत नाही.

प्रश्न : घरात शिरून मारहाण करून दागिने नेल्याच्या गुन्ह्यात माझ्या मुलाला चार महिन्यांनी अटक झाली. घरातल्या कुणीही त्याला ओळखले नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याने एका सराफाचे दुकान दाखवले आणि तिथून ४० ग्रॅमची सोन्याची लगड जप्त झाली. एक पंच फितूर, दुसरा तपासलाच नाही. तरी ३९४ (इजा करून जबरी चोरी) खाली पाच वर्षे. (अहिल्यानगर जिल्हा)

या पत्रात अपिलाला चांगला वाव दिसतो. मात्र ‘पंच फितूर झाला’ हा मुद्दा सगळ्यात वर ठेवू नका, तो वाटतो तेवढा जड नाही. पंच उलटला तरी तपासी अंमलदाराच्या साक्षीवर जप्ती सिद्ध होऊ शकते. अंमलदाराने काय साक्ष दिली, ते शब्दन् शब्द वाचा. आरोपी नेमके काय म्हणाला, कुणासमोर म्हणाला, मग कोण पुढे चालले, कुठे गाडी थांबली, काय निघाले, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे का? ‘पंचनाम्यावर माझी सही आहे, मजकूर बरोबर आहे’ एवढ्याने पुरावा कायद्याच्या कलम २७ चे निवेदन (ज्यावरून माल सापडला ते आरोपीचे पोलिसांपुढचे बोलणे) सिद्ध होत नाही. बाबू साहेबगौडा रुद्रगौडर विरुद्ध कर्नाटक राज्य (२०२४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

कलम २७ (साक्ष्य अधिनियम कलम २३ चे परंतुक) खाली निवेदनातला फक्त तेवढाच भाग ग्राह्य, ज्याचा शोधाशी थेट संबंध आहे. १९४७ साली छापून आलेल्या पुलुकुरी कोटय्या खटल्यातील प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून हा नियम पक्का आहे. ‘लुटीतले सोने अमुक सराफाला विकले, दुकान दाखवतो’ यातले ‘लुटीतले’ गळते. हे निवेदन नोंदवलेल्या मेमोरंडम पंचनाम्यात पोलीस बहुधा सगळी कबुलीच लिहून काढतात आणि कधी कधी त्या अख्ख्या कागदावर पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडतो. निकालपत्रात न्यायाधीशांनी त्यातला अग्राह्य भाग वापरला आहे का, ते तपासा आणि ते वाक्य अपिलात उतरवून काढा. दुसरा आरोपी आधीच तिथे घेऊन गेला होता किंवा पोलिसांना दुकान ठाऊक होते, असे स्टेशन डायरीवरून दिसत असेल तर तुमच्या मुलामुळे नवे काही उघड झालेच नाही.

खरी कमकुवत जागा लगडीत आहे. फिर्यादीने पाटल्या, मंगळसूत्र, झुबे असे दागिने गेल्याचे सांगितले, आणि निघाली लगड. वितळलेल्या सोन्यावर ना घडण राहते, ना सराफाचा शिक्का, ना घरातल्यांना ठाऊक असलेला पोचा. ते सोने फिर्यादीचेच, हे सिद्ध करायला मग उरते वजन आणि सराफाची साक्ष. गेलेल्या दागिन्यांच्या खरेदी पावत्या रेकॉर्डवर आहेत का, त्यांचे एकूण वजन किती, शुद्धता तपासली का? सराफाने खरेदीची नोंद वहीत केली होती का, वही जप्त झाली का, मुलाची ओळख त्याने कशी सांगितली? चोरीचा माल घेतल्याबद्दल स्वतःवरच ४११ लागेल अशा भीतीत असलेला सराफ स्वतःला वाचवण्यासाठी बोलू शकतो, हा युक्तिवाद रास्त आहे. उलटतपासात त्याची पायाभरणी झालेली असेल तर अधिकच. जप्तीच्या जागी लगड कागदात बांधून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून, लाख-मोहोर केली का आणि मुद्देमाल रजिस्टरमध्ये ती कोणत्या तारखेला चढली, हेही पाहा.

आता सगळे सिद्ध झाले असे समजा. तरी पुढची उडी राहतेच : सोने मुलाने विकले, म्हणून मारहाण करून लुटणाराही तोच? पुरावा कायद्याच्या कलम ११४ चे उदाहरण (अ) (आता साक्ष्य अधिनियमाचे कलम ११९) सांगते की चोरीनंतर लवकरच माल ज्याच्या ताब्यात सापडला, तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा समजता येईल. ‘समजता येईल’, ‘समजावेच’ नव्हे. आणि ‘लवकरच’ हा शब्द वस्तूप्रमाणे बदलतो. गुलाबचंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९९५) मध्ये तीन-चार दिवसांत दागिने मिळाले आणि गृहीतक आरोपीविरुद्ध गेले. एराभद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) मध्ये वर्षभराचा काळही जास्त मानला नाही, कारण आरोपी फरार होता. सरकारी वकील हा दुसरा निकाल तुमच्यापुढे ठेवणार, तयारी हवी. तुमचा मुलगा चार महिने गावातच होता, कामावर जात होता, असे रेकॉर्डवर असेल तर फरक दाखवता येतो. सोने हातोहात फिरणारी वस्तू आहे. शिवाय इथे माल मुलाच्या ताब्यातून निघालेलाच नाही, सराफाकडून निघाला आहे.

मनोजकुमार सोनी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२३) हा निकाल वकिलांना जरूर दाखवा. तोही घरातल्या लुटीच्या खटल्यातून आलेला आहे, आणि इतर भक्कम पुरावा नसताना केवळ आरोपीच्या निवेदनावर दोषसिद्धी टिकवायला सर्वोच्च न्यायालयाने त्यात नकार दिला. सगळा पुरावा परिस्थितीजन्य असल्याने शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या खटल्यातल्या पाच कसोट्याही लागू होतात.

अजून एक कागद : फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली न्यायाधीशांनी घेतलेला आरोपीचा जबाब. लगड, सराफ आणि निवेदन या तिन्हींबद्दल मुलाला न्यायाधीशांनी वेगवेगळे प्रश्न विचारले का? जी परिस्थिती त्याच्यापुढे ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरण्यावर आक्षेप घेता येतो. त्यामुळे बचावाचे नुकसान काय झाले, तेही सांगावे लागते.

३९४ पडून ४११ (चोरीचा माल बाळगणे) वर शिक्षा येण्याचा धोका असतो. तिथे कमाल तीन वर्षे आणि माल चोरीचा असल्याची जाणीव सिद्ध व्हावी लागते. मुलाने दीड-दोन वर्षे तुरुंगात काढली असतील तर हा पर्यायी निष्कर्षही व्यवहारात मोठा दिलासा असतो.

प्रश्न : दरोड्याच्या खटल्यात सहा आरोपी होते. तिघे निर्दोष सुटले, तिघांना ३९५ खाली शिक्षा. तिघांचा दरोडा होतो का? (बीड जिल्हा)

दोषारोपात आणि साक्षीत काय आहे, त्यावर उत्तर आहे. दरोड्याला किमान पाच जण लागतात. सहा नावे घेऊन खटला चालला, ‘हेच सहा होते, आणखी कुणी नव्हते’ अशी सरकार पक्षाची गोष्ट होती आणि तिघे सुटले, तर उरलेल्यांची ३९५ खालची दोषसिद्धी टिकत नाही. राजकुमार विरुद्ध उत्तरांचल राज्य (२००८) पाहा. फार तर जबरी चोरी उरते. पण ‘सात-आठ जण आले होते, काही ओळखू आले नाहीत’ अशी विश्वासार्ह साक्ष असेल आणि न्यायालयाने पाच किंवा अधिक जण होते असे ठरवले असेल, तर एकालाही ३९५ खाली शिक्षा होऊ शकते. तेव्हा फिर्यादीतला आकडा आणि निकालपत्रातला आकडा शेजारी शेजारी ठेवा.

तिघांपैकी एकानेच अपील केले आणि पुरावा सगळ्यांविरुद्ध सारखाच असेल, तर अपील न केलेल्यालाही सुटकेचा लाभ देता येतो (जावेद शौकत अली कुरेशी विरुद्ध गुजरात राज्य, २०२३). तरी त्या भरवशावर बसू नये, अपील प्रत्येकाने करावे.

प्रश्न : मोटारसायकलवरून मंगळसूत्र हिसकावल्याबद्दल ३९२ लागले. ही साधी चोरी नाही का? (पुणे)

वाद खरा आहे आणि न्यायालये दोन्हीकडे गेली आहेत. कलम ३९० प्रमाणे चोरी करण्यासाठी किंवा माल नेण्यासाठी जाणूनबुजून इजा, अटकाव किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तरच ती जबरी चोरी. हिसका वस्तूला दिला आणि बाईंना काही कळायच्या आत गाडी निघून गेली, अशी साक्ष असेल तर ३७९ (साधी चोरी) चा युक्तिवाद करता येतो. गळ्यावर ओरखडा आला, त्या पडल्या किंवा ढकलल्या गेल्या, तर तो अवघड होतो, कारण गळ्यातली साखळी ओढल्यावर इजा होणार हे ओढणाऱ्याला कळतेच. वैद्यकीय दाखला नसणे हा एकट्याने निर्णायक मुद्दा नाही. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी न्याय संहितेत हिसकावण्याचे स्वतंत्र कलम ३०४ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे. त्या तारखेनंतरच्या घटनेला सरळ ३०९ (जबरी चोरी) लावले असेल तर हा मुद्दा आधी मांडा.

प्रश्न : सीसीटीव्हीचे चित्रण प्रमाणपत्राशिवाय पुराव्यात धरले गेले. अपिलात तो पुरावा काढून टाकता येईल का? (नागपूर)

पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल (२०२०) या जालन्याच्या निवडणूक खटल्यातून पक्के झाले. पण सोनू विरुद्ध हरियाणा राज्य (२०१७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रमाणपत्र नसल्याचा आक्षेप खटल्यातच घ्यायला हवा होता, अपिलात पहिल्यांदा नाही. चित्रण दाखल होताना तुमच्या वकिलांनी हरकत नोंदवली होती का? नसेल तर या मुद्द्यावर फार विसंबू नका. चित्रणाच्या वजनावर मात्र बोलता येते : चेहरा दिसतो का, डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ बरोबर होते का, चित्रणातला माणूस आरोपीच आहे असे साक्षीत कोण आणि कशावरून म्हणाले.

प्रश्न : भाऊ कळंबा कारागृहात आहे. सत्र न्यायालयाच्या निकालाला तीन महिने झाले. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. अपिलात शिक्षा वाढली तर, ही भीतीही आहे. (सांगली)

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. उरलेल्या उशिरासाठी विलंब माफीचा अर्ज जोडा. तुरुंगवास, गरिबी, नक्कल उशिरा मिळणे ही कारणे तारखांसह लिहा. (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी ३९२ मध्ये शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत.) निकालाची एक प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, त्यामुळे मुंबईची खेप वाचेल.

भाऊ कोठडीत असल्याने उत्पन्न कितीही असले तरी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकिलाचा हक्क आहे. कारागृह अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते, किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करा. फिर्याद, पंचनामे आणि साक्षींच्या नकलांचा संच मिळालेल्या वकिलांच्या हातात वेळेत द्या.

अपिलासोबत शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३८९, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४३०) द्यायला विसरू नका. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत, विशेष कारण आड येत नसेल तर, स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा असे भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात राज्य (१९९९) या निकालात म्हटले आहे. खटल्याच्या काळात जामिनावर असताना तारखा चुकवल्या नाहीत हे नोंदवा आणि आजवर भोगलेल्या दिवसांचा कारागृहाचा दाखला जोडा. दंडाच्या स्थगितीची मागणी त्याच अर्जात वेगळ्या ओळीत करा.

शिक्षा वाढण्याबद्दल : आरोपीच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारने वेगळे अपील करावे लागते आणि त्यात तुमचे म्हणणे ऐकावे लागते. सुनावणीला वकील हजर नाही म्हणून अपील फेटाळताही येत नाही, गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो (बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, १९९६).